लॅव्हाझिए : पदार्थांचे बारसे करणारा रसायनज्ञ

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे ते चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिरामुळे. पण पेरणीचे दिवस आले की मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणे या गावाच्या शिवारातही झिंक सल्फेट, फेरस सल्फेट, कॉपर सल्फेट अशी नावे छापलेल्या पिशव्या येऊन पडतात. जुन्या पिढीतील शेतकरी यांतील फेरस सल्फेटला हिराकस म्हणतो आणि कॉपर सल्फेटला मोरचूद. मोरचूद या शब्दात मोराच्या मानेचा निळा रंग आहे. परंतु त्या निळ्या खड्यात काय काय सामावले आहे, याचा थांग त्या शब्दावरून लागत नाही. कॉपर सल्फेट हे नाव मात्र पदार्थाची कुळकथाच सांगते. त्यात तांबे आहे, गंधक आहे आणि शेवटी जो ‘एट’ हा प्रत्यय आहे, तो सांगतो की या गंधकाला ऑक्सिजन जोडलेला आहे.

हा प्रत्यय किती महत्त्वाचा आहे, हे त्याच दुकानातील आणखी एका पदार्थावरून कळते. उंदीर मारण्यासाठी वापरले जाणारे झिंक फॉस्फाइड हे जहाल विष आहे. झिंक फॉस्फेट मात्र गंजरोधक रंगांत आणि दात भरण्याच्या सिमेंटमध्ये वापरले जाते. दोन्हींत जस्त आहे, दोन्हींत फॉस्फरस आहे. फरक आहे तो ऑक्सिजनचा, आणि नावात तो केवळ शेवटच्या एका अक्षराने दाखवला जातो. ‘आइड’ आणि ‘एट’ यांमधील हे अंतर जीव घेणाऱ्या आणि निरुपद्रवी पदार्थामधील अंतर ठरू शकते.

रसायनशास्त्राच्या भाषेला ही शिस्त लावणाऱ्यांमध्ये अग्रभागी होता फ्रेंच शास्त्रज्ञ अँटोनी लॅव्हाझिए. ऑक्सिजनला ऑक्सिजन हे नाव त्यानेच दिले. गंमत अशी की, ते नाव चुकीच्या समजुतीवर उभे होते. आणि शोकांतिका अशी की, ज्या राज्यक्रांतीने जगाला समतेचा उद्घोष दिला, तिनेच या शास्त्रज्ञाचा वयाच्या पन्नासाव्या वर्षी शिरच्छेद केला.

लॅव्हाझिएचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमध्ये एका सुखवस्तू वकिलाच्या घरी झाला. तो पाच वर्षांचा असताना आई वारली आणि पुढे त्याच्या मावशीने त्याचा सांभाळ केला. घराण्याच्या परंपरेनुसार त्याने कायद्याची पदवी घेतली खरी, पण मन रमले ते विज्ञानात. पॅरिसच्या रस्त्यांवर रात्री दिवाबत्ती कशी करावी, या विषयावर त्याने लिहिलेल्या निबंधाला १७६६ साली राजाच्या नावाचे सुवर्णपदक मिळाले. दोनच वर्षांनी, १७६८ मध्ये, वयाच्या पंचविशीत तो फ्रेंच विज्ञान अकादमीचा सदस्य झाला.

त्याच वर्षी त्याने आणखी एक निर्णय घेतला, जो पुढे त्याच्या जिवावर बेतला. फ्रान्समध्ये मीठ, तंबाखू यांसारख्या वस्तूंवरील कर सरकार स्वतः गोळा करीत नसे. ते काम एका खासगी मक्तेदार मंडळाकडे होते. मंडळाने राजाला ठरलेली रक्कम द्यायची आणि प्रजेकडून कर वसूल करून नफा मिळवायचा, अशी ती पद्धत होती. लॅव्हाझिएने या मंडळात भागीदारी विकत घेतली. मिठावरील कर ही गोष्ट लोकांच्या मनात किती खोल रुतते, हे १९३० चा मिठाचा सत्याग्रह पाहिलेल्या देशाला वेगळे सांगायला नको. फ्रान्समध्येही हे मक्तेदार सर्वाधिक तिरस्काराचे धनी होते. लॅव्हाझिएला या उत्पन्नातून उत्तमोत्तम उपकरणे घडवून घेता आली. त्याची प्रयोगशाळा युरोपातील सर्वांत सुसज्ज प्रयोगशाळांपैकी एक मानली जात असे. परंतु तिच्या पायाशी रयतेचा रोष साचत होता.

याच मंडळातील जॅक पोल्झ या सहकाऱ्याची मुलगी मारी-आन हिच्याशी १७७१ साली त्याचा विवाह झाला. त्या वेळी ती अवघी तेरा वर्षांची होती. मारी-आन पुढे पतीची खरीखुरी सहकारी बनली. लॅव्हाझिएला इंग्रजी येत नव्हते. तिने ती भाषा शिकून इंग्रज रसायनज्ञांचे लेखन फ्रेंचमध्ये आणले. प्रयोगांच्या नोंदी ठेवल्या, चित्रकला शिकून उपकरणांची अचूक चित्रे काढली. लॅव्हाझिएच्या मुख्य ग्रंथातील चित्रपट्ट्या तिच्याच हातच्या आहेत.

त्या काळी ज्वलनाविषयी एक सिद्धांत सर्वमान्य होता. जळणाऱ्या प्रत्येक पदार्थात फ्लॉजिस्टन नावाचे एक तत्त्व असते आणि पदार्थ जळला की ते बाहेर पडते, असे मानले जाई. धातू तापवला की त्याचे भस्म होते, म्हणजे त्यातील फ्लॉजिस्टन निघून गेले, असा त्याचा अर्थ लावला जात असे. पण एक अडचण होती. भस्माचे वजन मूळ धातूपेक्षा जास्त भरत असे. काही निघून गेले असेल, तर वजन वाढावे कसे?

लॅव्हाझिएचा तराजूवर विलक्षण विश्वास होता. प्रयोगापूर्वी आणि प्रयोगानंतर सर्व पदार्थांचे, हवेसकट, वजन करायचे. जमा आणि खर्च यांचा मेळ बसलाच पाहिजे, ही त्याची पद्धत होती. करवसुलीच्या हिशेबात मुरलेल्या माणसाची ती शिस्त होती, असे म्हटले तरी चालेल. १७७२ साली त्याने गंधक आणि फॉस्फरस जाळून पाहिले. दोन्हींचे वजन वाढले. १ नोव्हेंबर १७७२ रोजी त्याने हा निष्कर्ष मोहोरबंद पाकिटात घालून अकादमीकडे सोपवला. जळताना पदार्थातून काही बाहेर पडत नाही, उलट हवेतील काहीतरी त्याला येऊन मिळते, असा त्याचा आशय होता.

हे काहीतरी म्हणजे काय, याचा उलगडा व्हायला आणखी काही वर्षे लागली. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टले याने १ ऑगस्ट १७७४ रोजी पाऱ्याचे तांबडे भस्म तापवून एक वायू मिळवला; त्यात मेणबत्ती लखलखून जळत असे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रिस्टले पॅरिसला आला आणि लॅव्हाझिएच्या घरी भोजनप्रसंगी त्याने हा प्रयोग सांगितला. स्वीडनच्या कार्ल शील यानेही स्वतंत्रपणे हाच वायू त्याआधी मिळवला होता. तेव्हा ऑक्सिजन प्रथम हाती लागला तो या दोघांच्या. लॅव्हाझिएने आपल्या लेखनात प्रिस्टलेच्या ऋणाचा पुरेसा उल्लेख केला नाही, हा त्याच्यावरील आक्षेप आजही रास्त मानला जातो. मात्र प्रिस्टले अखेरपर्यंत फ्लॉजिस्टनला चिकटून राहिला. या वायूचा खरा अर्थ लावला तो लॅव्हाझिएने.

त्याने बंदिस्त हवेत पारा सलग बारा दिवस तापवला. पाऱ्यावर तांबडे भस्म जमले आणि हवेचे आकारमान सुमारे एक षष्ठांशाने घटले. उरलेल्या हवेत ज्योत विझत असे, प्राणी गुदमरत असे. मग त्याने ते भस्म वेगळे काढून अधिक तापवले. घटली होती साधारण तेवढीच हवा परत मिळाली. ती उरलेल्या हवेत मिसळताच पूर्वीसारखी हवा तयार झाली. जमा आणि खर्च यांचा मेळ बसला. पुढे श्वसन हेही एक प्रकारचे संथ ज्वलनच आहे, हे त्याने लाप्लास या गणितज्ञाच्या साथीने दाखवून दिले.

आता प्रश्न आला नावाचा. प्रारंभी या वायूला तो जीवनदायी हवा अशा अर्थाच्या नावाने संबोधत असे. आपला प्राणवायू हा शब्द त्याच वळणाचा आहे. पण लॅव्हाझिएला आणखी एक गोष्ट दिसली होती. गंधक, फॉस्फरस, कोळसा जाळून होणारे पदार्थ पाण्यात विरघळले की आम्ले तयार होतात. यावरून त्याने असा निष्कर्ष काढला की, आंबटपणा निर्माण करणारे तत्त्व हाच वायू होय. ग्रीक भाषेतील आंबट आणि जन्म देणारा या अर्थाचे दोन शब्द जोडून त्याने ऑक्सिजन हे नाव घडवले.

त्या वेळी रसायनशास्त्रातील नावांचा नुसता बाजार भरला होता. एकाच पदार्थाला गावागणिक वेगळे नाव, तर कधी एकच नाव अनेक पदार्थांना. तांब्याला शुक्राचे, लोखंडाला मंगळाचे, शिशाला शनीचे नाव देण्याची किमयागारांची रीत चालू होती. जस्ताच्या भस्माला फुले म्हणत, तर आर्सेनिकच्या एका जहाल संयुगाला चक्क लोणी. शिशाची साखर या गोंडस नावाचा पदार्थ चवीला खरोखरच गोड आणि परिणामी विषारी होता. अशा नावांनी विद्यार्थ्याची दिशाभूल होई आणि प्रसंगी प्राणावरही बेते.

ही अनागोंदी दूर करण्याची पहिली योजना १७८२ मध्ये गीतों द मोर्वो या रसायनज्ञाने मांडली. लॅव्हाझिए, बर्तोले आणि फुरक्र्वा त्याला येऊन मिळाले. या चौघांच्या परिश्रमांतून १७८७ साली रासायनिक नामकरणाची पद्धती सांगणारा ग्रंथ सिद्ध झाला. त्यामागील सूत्र साधे होते. मूलद्रव्याला एक नाव आणि संयुगाला त्याच्या घटकांवरून नाव. पदार्थात काय आहे, हे नावावरूनच कळले पाहिजे.

या पद्धतीचा कणा होता ऑक्सिजन. एखाद्या मूलद्रव्याशी ऑक्सिजनचा साधा संयोग झाला की ते ऑक्साइड. आम्ल झाले, तर ऑक्सिजनच्या प्रमाणानुसार त्याच्या नावाचा शेवट बदलायचा. ऑक्सिजन अधिक असेल तर ‘इक’, कमी असेल तर ‘अस’. सल्फ्युरिक आम्ल आणि सल्फ्युरस आम्ल ही नावे आजही शाळेत शिकवली जातात, ती याच नियमाने. या आम्लांपासून होणाऱ्या क्षारांचीही तशीच वाटणी झाली. ‘इक’ आम्लाचा क्षार ‘एट’, ‘अस’ आम्लाचा ‘आइट’. ऑक्सिजन नसलेल्या संयुगासाठी वेगळा प्रत्यय ठेवण्यात आला. आज तो ‘आइड’ या रूपात रूढ आहे.

आजच्या भाषेत सांगायचे तर सल्फेट गटात गंधकाच्या एका अणूसोबत ऑक्सिजनचे चार अणू असतात, सल्फाइटमध्ये तीन आणि सल्फाइडमध्ये एकही नाही. नायट्रेटमध्ये नत्राच्या एका अणूला ऑक्सिजनचे तीन अणू, तर नायट्राइटमध्ये दोन. लॅव्हाझिएला अणूंची ही संख्या ठाऊक नव्हती. अणुसिद्धांत अद्याप मांडला जायचा होता. त्याच्याजवळ होता तो केवळ तराजू. तरीही कमी आणि अधिक यांचा त्याने लावलेला क्रम टिकून राहिला.

नावांप्रमाणेच चिन्हांचाही प्रश्न होता. १७८७ च्या त्याच ग्रंथात हासेनफ्रात्झ आणि आदे या दोघांनी नवी चिन्हे सुचवली. ऑक्सिजनसारख्या मूलतत्त्वांसाठी लहान रेषा, धातूंसाठी अक्षर कोरलेली वर्तुळे, अन्य गटांसाठी त्रिकोण आणि चौकोन अशी ती योजना होती. ती फारशी रुजली नाही. १८१३-१४ च्या सुमारास स्वीडनच्या बर्झेलियसने लॅटिन नावांची आद्याक्षरे वापरण्याची पद्धत आणली. त्यानेही ऑक्सिजनला खास मान दिला होता. अक्षरावर जितके टिंब, तितके ऑक्सिजनचे अणू, असा त्याचा संकेत होता. पुढे टिंबे गेली, त्याऐवजी अक्षराच्या पायथ्याशी लहान आकडे लिहिण्याची रीत आली आणि १८३४ पासून लीबिगमुळे ती रूढ झाली.

१७८९ मध्ये लॅव्हाझिएचा रसायनशास्त्रावरील मूलभूत ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्याने ३३ मूलद्रव्यांची यादी दिली. तिच्यात प्रकाश आणि उष्णता यांचाही समावेश होता, हे आज वाचताना नवल वाटते. पण ज्याचे आणखी विघटन करता येत नाही, त्याला तूर्त मूलद्रव्य म्हणावे, अशी त्याची भूमिका होती. तूर्त हा शब्द येथे महत्त्वाचा. चुना आणि मॅग्नेशिया यांसारखे त्या यादीतील पदार्थ पुढे ऑक्साइडे ठरतील, अशी शंका त्याने स्वतःच बोलून दाखवली होती आणि ती खरी ठरली.

ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा भडका उडाला. लॅव्हाझिए सुधारणांना प्रतिकूल नव्हता. सरकारच्या दारूगोळा खात्यात त्याने सोऱ्याचे उत्पादन आणि बंदुकीच्या दारूचा दर्जा सुधारला होता. ब्लुआजवळच्या आपल्या जमिनीवर तो शेतीचे प्रयोग करीत असे आणि धान्यटंचाईच्या काळात त्या शहराला त्याने बिनव्याजी पैसा पुरवला होता. नव्या दशमान वजनमापांच्या कामातही तो गुंतला होता. पण करमक्तेदार ही त्याची ओळख या साऱ्यांवर मात करून उरली. क्रांतीतील प्रभावी नेता ज्याँ पॉल मारा याचे अग्नीविषयीचे संशोधन अकादमीने पूर्वी मान्य केले नव्हते. त्याचा राग माराने लॅव्हाझिएवर जाहीरपणे काढला.

१७९१ मध्ये करमक्तेदारी रद्द झाली, ऑगस्ट १७९३ मध्ये विज्ञान अकादमीही बरखास्त करण्यात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मक्तेदारांच्या अटकेचे आदेश निघाले आणि लॅव्हाझिए स्वतःहून तुरुंगात हजर झाला. जादा नफा उकळणे, तंबाखूत पाणी मिसळणे अशा आरोपांवर ८ मे १७९४ रोजी खटला चालला आणि त्याच दिवशी २८ मक्तेदारांना गिलोटिनखाली देण्यात आले. त्यांत त्याचा सासराही होता. नामकरणाच्या कामातील गीतों आणि फुरक्र्वा हे सहकारी क्रांतीच्या राजकारणात वजन राखून होते. तरीही त्याचा जीव वाचला नाही. प्रजासत्ताकाला शास्त्रज्ञांची गरज नाही, असे न्यायाधीशाने सुनावल्याची कथा पुष्कळदा सांगितली जाते, पण तिला विश्वासार्ह आधार नाही. पुढच्याच वर्षी नव्या राजवटीने त्याच्यावरील कलंक पुसला. मारी-आनने त्याचे अपुरे राहिलेले लेखन प्रसिद्ध केले. ती १८३६ पर्यंत जगली.

त्याच्या पश्चात त्याची एक चूकही उघडी पडली. सर्व आम्लांत ऑक्सिजन असतोच, असे तो मानत होता. त्यामुळे मिठापासून होणाऱ्या आम्लातही तो असणार, असे त्याने गृहीत धरले आणि आज ज्याला आपण क्लोरीन म्हणतो, त्या वायूला ऑक्सिजनयुक्त संयुग ठरवले. १८१० मध्ये इंग्लंडच्या हंफ्री डेव्हीने हा वायू मूलद्रव्य असल्याचे सिद्ध केले. मिठाच्या आम्लात ऑक्सिजनचा लवलेशही नाही. आंबटपणाचे मूळ शोधायचे, तर ते हायड्रोजनशी निगडित आहे. म्हणजे ऑक्सिजन हे नावच अर्थाच्या दृष्टीने फसवे ठरले. जर्मन भाषेने आणि आपल्याकडे बंगालीने या नावाचे शब्दशः भाषांतर केले, त्यामुळे ती चूकही त्या भाषांत उतरली. मराठीने स्वीकारलेला प्राणवायू हा शब्द मात्र तिच्यापासून बचावला.

असे असूनही नामकरणाची इमारत कोसळली नाही. ज्या क्लोरीनच्या बाबतीत लॅव्हाझिए चुकला, त्याचीच ऑक्सिजनयुक्त कुटुंबे आज त्याने घालून दिलेल्या वळणाने ओळखली जातात. ऑक्सिजनचा एक अणू असेल तर हायपोक्लोराइट, दोन असतील तर क्लोराइट, तीन असतील तर क्लोरेट आणि चार असतील तर पर्क्लोरेट. ग्रामपंचायती पिण्याच्या पाण्यात जी टीसीएल पावडर टाकतात, तिच्यात कॅल्शियम हायपोक्लोराइट असते. आतषबाजीत वापरले जाणारे पोटॅशियम क्लोरेट हे स्फोटक मिश्रणाचा घटक आहे. एक पाणी शुद्ध करते, दुसऱ्याने भडका उडतो. दोहोंतील फरक पुन्हा ऑक्सिजनच्या प्रमाणाचा आणि नावाच्या टोकाचा.

कार्बनी संयुगांच्या अफाट पसाऱ्यातही हाच विचार पुढे नेण्यात आला. १८९२ साली जिनिव्हा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ऑक्सिजनयुक्त गटांना प्रत्यय नेमून दिले. अल्कोहोलसाठी ‘ऑल’, अल्डिहाइडसाठी ‘आल’, कीटोनसाठी ‘ओन’. सॅनिटायझरमधील इथेनॉल, फॉर्मॅलिनमधील मिथेनाल, नखांचा रंग काढणारे प्रोपेनोन म्हणजेच अ‍ॅसिटोन, अशी ही नावे वाचली की रेणूच्या कोणत्या टोकाला ऑक्सिजन कसा बसला आहे, हे जाणकाराला चित्र न पाहताही कळते. दहावीच्या पुस्तकातील क्रियात्मक गट हा पाठ म्हणजे याच परंपरेचा विस्तार होय.

२०२१ च्या महासाथीत ऑक्सिजन या शब्दाने घराघरांत धास्ती निर्माण केली, तेव्हा त्या शब्दाचा मूळ अर्थ आंबट करणारा असा आहे, हे कोणाच्या मनातही आले नसेल. येण्याचे कारणही नव्हते. लॅव्हाझिएचे मोठेपण त्या एका शब्दाच्या अचूकपणात नाही. नाव कशासाठी असते, याचे जे उत्तर त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दिले, त्यात ते आहे. पदार्थ कसा दिसतो, कोठून आला, कोणत्या ग्रहाचा आहे, हे न सांगता तो कशाचा बनला आहे, हे नावाने सांगितले पाहिजे. एकदा हा नियम मान्य झाला की नाव देणाऱ्याची चूकसुद्धा त्याच नियमाच्या आधारे शोधता येते आणि सुधारता येते. ज्याच्या हाती तराजू होता, त्याला न्यायाच्या तराजूने साथ दिली नाही. पण धर्मापुरीच्या शेतकऱ्याच्या हातातील पिशवीवर छापलेले सल्फेट हे अक्षर आजही त्याने मांडलेल्या हिशेबाप्रमाणेच वाचले जाते.